प्रकल्प नोंदी : १९६५चा प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि आधीच्यांचे उद्योग

३ फेब्रुवारी

दुरुस्तीला आलेला गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प : फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब, सर्किट एए११६४. दहा इंची एकच स्पीकर, दोन ६व्ही६जीटी (आवाजाला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूब), साधारण बारा ते पंधरा वॅट. अ‍ॅम्पबरोबर चिठ्ठी आली : "चालतो. ट्रेमोलो नाही. मागच्या जादा स्विचला हात लावू नये." त्या जागी फॅक्टरीचा कुठलाच स्विच नसतो, म्हणजे ते भोक नंतर कुणीतरी पाडलं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा लयीत होणारा चढउतार.

आधी वय. कॅबिनेटच्या आतल्या ट्यूब चार्टवर ‘ओएच’ असा शिक्का. पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९५१, त्या हिशोबाने ओ म्हणजे १९६५) आणि दुसरं महिन्याचं, म्हणजे ऑगस्ट. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-२८ : ६०६ हा शुमाकरचा कोड, पुढे १९६५चा अठ्ठाविसावा आठवडा. स्पीकरचा कोड ४६५ने सुरू होतो, म्हणजे ऑक्सफर्ड. सगळं एकमेकांशी जुळतं. फक्त इंटेन्सिटीचा (ट्रेमोलोची खोली ठरवणारा) पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, परका आहे. त्यावर १३७९६११, म्हणजे सीटीएस, १९९६, अकरावा आठवडा. रेझिस्टन्सही वेगळा, २५० के (किलोओहम)च्या जागी १ मेग (मेगओहम).

आज चालू केला नाही. न बघितलेला अ‍ॅम्प ‘एकदा ऐकून तर बघू’ म्हणून चालू करणं म्हणजे हातातला पुरावा जाळणं.

४ फेब्रुवारी

चॅसिस, म्हणजे सर्किट बसवलेली धातूची चौकट, बाहेर काढली. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर (अ‍ॅम्प बंद असतानाही यात व्होल्टेज साठून राहू शकतो) मीटर लावला, ० व्होल्ट. तरीही १० के, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपने लावून अर्धा मिनिट ठेवला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर सोडावी. कपॅसिटरच्या आतल्या जोडालाही धक्का बसतो आणि टोकही उडतं.

मेन्सच्या बाजूला तीन गोष्टी. फ्यूज ५ अँपिअरचा निघाला, मागच्या पॅनलवर छापलेल्या रेटिंगपेक्षा कितीतरी मोठा. तीन वायरींची केबल कुणीतरी घातली आहे, पण तिची हिरवी वायर ट्रान्सफॉर्मरच्याच बोल्टखाली दाबली आहे. तो बोल्ट सैल झाला की अर्थिंग गेलं, म्हणून तिला वेगळा बोल्ट, दातेरी वॉशर आणि स्वतःचा लग द्यायचा. आणि तीन वायरींची केबल असूनही ग्राउंड स्विचवरचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मेन्स ते चॅसिस तसाच लोंबकळतोय. अर्थिंग सुटलेलं असताना तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारा थेट मेन्सला. काढून टाकला, स्विच नुसता शोभेला राहू दे.

आता मुख्य काम : कुठला डाग (सोल्डरचा जोड) कुणाचा. भिंगाखाली तीन पिढ्या स्पष्ट दिसतात.

फॅक्टरीचं काम : कापडी आवरणाची वायर, मेणाचा थर, सोल्डर करडं पडलेलं.

पहिला हात, म्हणजे आधी काम केलेला पहिला माणूस : एकसंध तांब्याची पीव्हीसी वायर, काटकोनात वळवलेली. सोल्डर चकचकीत, नेमकं. त्याच्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ८३१४, म्हणजे १९८३ किंवा त्यानंतर.

दुसरा हात : टेफ्लॉनची पातळ वायर, गरम गोंदाचे गोळे, डाग अर्धवट वितळलेले. परका पॉट याचाच, म्हणजे १९९६ किंवा त्यानंतर. आणि महत्त्वाचं म्हणजे याचं सोल्डर पहिल्या हाताच्या सोल्डरवर चढलेलं आहे, खाली नाही.

हा क्रम कळल्याशिवाय एकही वायर कापायची नाही असं ठरवलं. चाळीसेक फोटो काढले, प्रत्येक जोडाला कागदी पट्टी लावली.

५ फेब्रुवारी

दिवसभर नकाशा. मूळ सर्किटपासून काय काय हललं आहे ते असं :

चिठ्ठीतला जादा स्विच म्हणजे सहा पायांचं टॉगल आहे. त्याची एक बाजू ६व्ही६च्या कॅथोडवर (कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते, मधला ग्रिड त्यांना आवर घालतो) : दोन्ही सॉकेटचे ८ नंबरचे पाय ग्राउंडवरून सोडवून २५० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरवर आणले आहेत, त्याला ४७ मायक्रोफॅरड समांतर, आणि टॉगल ‘बी’ला टाकलं की हा रेझिस्टर शॉर्ट होतो. टॉगलच्या दुसऱ्या बाजूला मात्र पीव्हीसी वायरीचे कापलेले ठोंबे आहेत, पुढे काही नाही.

इंटेन्सिटीचा पॉट आता मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज ठरवणारा पॉट) आहे. ट्रेमोलोच्या ऑसिलेटरची (झोका तयार करणाऱ्या भागाची) अर्धी १२एएक्स७ (एका काचेत दोन असलेली छोटी ट्यूब) जादा गेन स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारा टप्पा, केली आहे. ती फेज इन्व्हर्टरच्या (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट दोन प्रती करून दोन ६व्ही६ना देणाऱ्या टप्प्याच्या) आधी घुसवली आहे आणि तिच्या प्लेटवर ४७० पिकोफॅरड ग्राउंडला. दोन २२० के ग्रिड-लीक रेझिस्टर (ग्रिडपर्यंत बायस नेणारे) जिथे एकत्र येतात ती जागा थेट ग्राउंडला टाकली आहे. बायसची (ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या, ग्रिडवरच्या ऋण व्होल्टेजची) वायर कापून, टोकाला टेप गुंडाळून सोडली आहे.

रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबच्या) सॉकेटखाली दोन १एन४००७ डायोड, पाय ४ आणि ६पासून ८वर. वर जीझेड३४ ऐटीत बसली आहे, फिलामेंट पेटतं, पण काम डायोड करतात. शिवाय पहिल्या फिल्टरला समांतर ४७ मायक्रोफॅरड वाढवला आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या निळ्या आणि तपकिरी वायरी दोन ६व्ही६च्या प्लेटवर फॅक्टरी लेआउटच्या उलट. डाग दुसऱ्या हाताचे. का, ते कळलं नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकलं.

टोन स्टॅकमधला (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणाऱ्या भागातला) ६.८ केचा रेझिस्टर १० केचा केला आहे. डाग पहिल्या हाताचा.

६ फेब्रुवारी

चिठ्ठीतल्या स्विचचं कोडं सुटलं.

प्रिन्स्टन रिव्हर्बचा ट्रेमोलो पॉवर ट्यूबच्या बायसवरच चालतो. बायसचा ऋण व्होल्टेज इंटेन्सिटी पॉटच्या एका टोकाला येतो, ऑसिलेटरचा झोका दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पायावरून दोन्ही मिळून ग्रिड-लीकवर जातात. म्हणजे तो पॉट नुसता ट्रेमोलोचा नाही, बायसची वाटच त्याच्यातून जाते.

पहिल्या हाताने फिक्स्ड आणि कॅथोड बायस यांच्यात बदलण्यासाठी टॉगल घातलं. ‘ए’ला कॅथोड रेझिस्टर मध्ये आणि ग्रिड ग्राउंडला, ‘बी’ला रेझिस्टर शॉर्ट आणि ग्रिडला ऋण बायस. दोन्ही बाजू एकदम फिरतात, त्यामुळे बिनधोक. काम चोख होतं.

दुसऱ्या हाताला मास्टर व्हॉल्यूमसाठी पॉट हवा होता. त्याने इंटेन्सिटीचा पॉट काढला, बायसची वाट तुटली, म्हणून ग्रिड कायमचे ग्राउंडला टाकले. टॉगल ‘ए’ला असताना ते चालतंही. पण ‘बी’ आता काय करतो? कॅथोड ग्राउंडला, ग्रिडही ग्राउंडला, प्लेटवर चारशेच्या वर व्होल्ट. बायस शून्य. काही सेकंदांत दोन्ही प्लेट लालबुंद. एका सॉकेटचं बॅकेलाइट ३ आणि ४ नंबरच्या पायांभोवती भाजून तपकिरी झालंय, आणि ५ अँपिअरचा फ्यूज का आला तेही आता उघड आहे. योग्य फ्यूज उडत होता, तो का उडतोय हे न बघता मोठा घातला.

‘बी’ला टाकून खात्री करायची गरज नाही. टॉगल ‘ए’ला ठेवून वरून टेप लावली.

८ फेब्रुवारी

आहे त्या स्थितीत एकदा मापं घेतली. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ११७ व्होल्टची आहे. २३० व्होल्टच्या लाइनवर स्टेप-डाउन लागतो, आणि तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा हवा. डिमरस्टॅटने व्होल्टेज कमीजास्त होतो, पण तो मेन्सपासून अलग करत नाही. एकट्या डिमरस्टॅटवर उघड्या चॅसिसचं काम करू नये. आउटपुटला ८ ओहम, ५० वॅटचा डमी लोड (स्पीकरच्या जागी रेझिस्टर). मेन्सला ६० वॅटच्या फिलामेंट बल्बची सिरीज. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे थेट शॉर्ट कुठे नाही. मग बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज.

हाय टेन्शन (ट्यूबना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजचं) वाइंडिंग ३२५-०-३२५. प्लेटवर ४२५ व्होल्ट, कॅथोडवर २०. म्हणजे २५० ओहममधून ८० मिलिअँपिअर, एका ट्यूबला ४०. स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचे) तीनेक वजा केले तरी ३७ गुणिले ४०५, म्हणजे १५ वॅट. ६व्ही६जीटीची प्लेट १२ वॅटची. ‘ए’सुद्धा सुखाचा नव्हता तर. पहिल्या हाताच्या वेळी डायोड नव्हते, व्होल्टेज थोडा कमी होता. तरी त्याने रेझिस्टर जरा वरचा घ्यायला हवा होता.

डायोडचं दुसरं दुखणं जास्त गंभीर. या अ‍ॅम्पला स्टँडबाय स्विच (ट्यूब तापेपर्यंत हाय टेन्शन रोखणारा) नाही. जीझेड३४चा कॅथोड तापायला वेळ लागतो, तोवर बाकीच्या ट्यूबही तापतात आणि करंट ओढू लागतात, म्हणून फिल्टरवर व्होल्टेज हळूहळू चढतो. डायोड मात्र स्विच टाकताक्षणी ३२५ गुणिले १.४१४, म्हणजे ४६० व्होल्ट देतात, आणि फिल्टर कॅन (फिल्टर कपॅसिटरचा डबा) ४५० व्होल्टचा आहे. शिवाय डायोडला उलट्या दिशेने सोसावे लागतात त्याच्या दुप्पट, ९२० व्होल्ट. १एन४००७ची मर्यादा १०००. मेन्स जरा चढला की संपलं. डायोड ठेवायचेच असतील तर प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये हवेत.

मास्टरबद्दल एक विचित्र गोष्ट : अर्ध्यापुढे नेला तरी आवाज वाढत नाही. वहीत आणखी एक प्रश्नचिन्ह.

१३ फेब्रुवारी

पॉवर सप्लाय. चार भागांचा नवा कॅन, २०/२०/२०/२० मायक्रोफॅरड, ४७५ व्होल्ट. जादाचा ४७ मायक्रोफॅरड काढला. जीझेड३४ला पहिल्या फिल्टरसाठी ६० मायक्रोफॅरडची मर्यादा असते. २० आणि ४७ मिळून ६७ होतात. डायोड होते तोवर चालून गेलं, ट्यूबवर परत येताना चालणार नाही. दोन्ही डायोड काढले. जुनी जीझेड३४ तपासली तर एक बाजू जवळजवळ मेलेली. डायोड कशासाठी आले असतील ते यावरून कळतं. नवी घातली. तिच्या जागी ५यू४जीबी खुपसू नये : ती फिलामेंटला १.९ऐवजी ३ अँपिअर ओढते आणि हाय टेन्शनही बरंच पाडते.

कॅनचे कान चॅसिसला सोल्डर करायला ४० वॅटचं आयर्न पुरत नाही. १०० वॅटचं, रुंद टोकाचं घेतलं; आधी जुना थर खरवडून काढला. अर्धवट तापवून केलेला डाग वरून छान दिसतो आणि सहा महिन्यांनी हम घेऊन येतो.

१५ फेब्रुवारी

बायस. फॅक्टरीत तो ठरलेल्या रेझिस्टरवरचा, न हलणारा असतो. ग्राउंडकडच्या रेझिस्टरच्या जागी एक स्थिर रेझिस्टर आणि सिरीजमध्ये ट्रिमपॉट घातला. जागा मुद्दाम हीच : ट्रिमपॉटचा संपर्क कधी तुटला तर बायस जास्त ऋण होतो, ट्यूब थंड पडतात, जळत नाहीत. ट्रिमपॉट टॉगलच्या भोकात बसवला. भोक पाडलेलंच आहे तर कामी तरी येऊ दे. कॅथोड रेझिस्टर काढला, दोन्ही ८ नंबरच्या पायांना १ ओहम, १ टक्क्याचे रेझिस्टर. त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. स्क्रीनला ४७० ओहम, १ वॅट. भाजलेला सॉकेट बदलला, त्या जागी सिरॅमिक.

इंटेन्सिटीला २५० केचा पॉट. या पॉटचा मधला पाय झिजून उचलला गेला तर बायस पुन्हा शून्यावर येतो, म्हणून ग्रिड-लीकच्या जोडापासून बायस सप्लायपर्यंत २.२ मेगचा एक रेझिस्टर कायमचा टाकला. ट्रेमोलोवर त्याचा परिणाम जाणवत नाही.

६व्ही६ न घालता चालू करून ५ नंबरचे (ग्रिडचे) पाय मोजले. एकावर उणे ३४, दुसऱ्यावर उणे २९. दोन्ही सारखे हवेत. फरक ५ व्होल्ट, २२० केवर, म्हणजे कपलिंग कपॅसिटरमधून (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणाऱ्या) २३ मायक्रोअँपिअर डीसी गळतोय. दोन्ही ०.१ मायक्रोफॅरड बदलले, ६३० व्होल्टचे. बाकीचे निळे कपॅसिटर मोजले, एकही गळत नाही, तसेच ठेवले. सरसकट बदलण्यात शहाणपण नाही.

१६ फेब्रुवारी

जादा गेन स्टेज काढून ट्रेमोलो पुन्हा बांधला : ०.०२, ०.०१, ०.०१ मायक्रोफॅरडची साखळी, स्पीडचा ३ मेगचा उलट्या टेपरचा पॉट मूळचाच होता. फेज इन्व्हर्टरचे प्लेटचा आणि कॅथोडचा असे दोन ५६ के मोजले : एक ५७, दुसरा ७१. इथे दोन्ही अर्ध्या लाटा सारख्या निघणं या जोडीवरच अवलंबून, म्हणून १ टक्क्याचे मेटल फिल्म घातले.

१७ फेब्रुवारी

ट्यूब घातल्या, डमी लोडवर चालू केला. ठीक. १ किलोहर्ट्झ सोडला, लाट स्वच्छ. मग स्पीकर लावला आणि व्हॉल्यूम शून्यावर असताना अ‍ॅम्प भोंग्यासारखा ओरडू लागला. ताबडतोब बंद.

फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग मागे नेणारा) २.७ केचा रेझिस्टर एका बाजूने सोडवला : शांत. जोडला : ओरड. पुन्हा डमी लोडवर, आउटपुट मोजत : फीडबॅकशिवाय ३.१ व्होल्ट, जोडल्यावर ५.०. निगेटिव्ह फीडबॅक जोडल्यावर आवाज कमी व्हायला हवा. इथे वाढतोय, म्हणजे फेज उलटी.

आणि ५ तारखेचं प्रश्नचिन्ह इथे सुटलं. फीडबॅक आउटपुटवरून निघून फेज इन्व्हर्टरच्या आधीच्या स्टेजच्या कॅथोडवर, ४७ ओहमच्या रेझिस्टरवर येतो. दुसऱ्या हाताने त्या वाटेत एक गेन स्टेज वाढवली. प्रत्येक स्टेज सिग्नल उलटा करते, त्यामुळे त्याचा अ‍ॅम्प असाच ओरडला असणार, आणि त्याने निळी आणि तपकिरी वायर अदलाबदल करून तो गप्प केला. काल त्याची स्टेज निघाली, पण त्याची अदलाबदल तशीच राहिली.

मास्टरचंही उत्तर यातच आहे. स्टेज आणि मास्टर दोन्ही फीडबॅकच्या फेऱ्याच्या आत होते. मास्टर वाढवला की गेन वाढे, त्याच प्रमाणात फीडबॅकही वाढे आणि तो गेन गिळून टाके. कमावलेलं सगळं तिथेच खर्च. प्लेटवरचा ४७० पिकोफॅरडही त्यासाठीच : इतक्या घट्ट फीडबॅकने वरच्या फ्रीक्वेन्सीला शिट्टी सुरू झाली असावी, ती दाबायला.

डमी लोडवर ओरड का नाही? ८ ओहमच्या रेझिस्टरवर फेऱ्याचा गेन एकपेक्षा कमी राहतो, फक्त आउटपुट फुगतं. स्पीकरचा इम्पिडन्स रेझोनन्सपाशी आणि वरच्या स्वरांना कितीतरी चढतो, तिथे गेन एकच्या वर जातो. डमी लोडवर पास झालेला अ‍ॅम्प पास झाला असं म्हणता येत नाही ते यामुळे.

दोन्ही वायरी लेआउटप्रमाणे परत. फीडबॅकशिवाय ३.१, जोडल्यावर २.२. स्पीकरवर शांत. यापुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हात लागला की फीडबॅक आधी क्लिपने जोडून हे माप घ्यायचं, सोल्डर नंतर.

२० फेब्रुवारी

रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा भाग) मुकी होती. टँकच्या (तिच्या स्प्रिंगच्या पेटीच्या) इनपुटला ०.८ ओहम, ठीक. आउटपुटला २०० ओहमच्या आसपास हवेत, तिथे अनंत. आरसीए सॉकेटपासून कॉइलपर्यंतची केसासारखी वायर तुटलेली. जोडली, वळणाला जरा ढील ठेवली. पंधरा मिनिटांचं काम.

ट्रेमोलो सुरू व्हायला तयार नव्हता. वायरिंग बरोबर, व्होल्टेज बरोबर, १२एएक्स७ थकलेली. ऑसिलेटरला गेन चांगला लागतो, आणि जी ट्यूब प्रीअ‍ॅम्पमध्ये चालून जाते ती इथे अडते. दुसरी घालताच झोके सुरू, सेकंदाला तीन ते आठ.

२४ फेब्रुवारी

बायस बसवला, इंटेन्सिटी शून्यावर ठेवून; नाहीतर आकडा हलतच राहतो. प्लेट ४१२ व्होल्ट, कॅथोडला २२ मिलिअँपिअर, स्क्रीनचा दीड वजा केला तर साडेआठ वॅटच्या जरा आत. १२ वॅटच्या सत्तर टक्के. २४वर आवाज किंचित भरदार वाटला, पण ट्रेमोलो उथळ झाला. बायस गरम केला की झोका कमी उमटतो. २२वर परत.

८ ओहमवर लाट कापली जायला लागते ९.९ व्होल्टला, म्हणजे सव्वाबारा वॅट.

टोन स्टॅकमधला १० के ठेवला. ६.८ के घालून तुलना केली, पण मधले स्वर १० केने जास्त मोकळे होतात. पहिल्या हाताचा कान चांगला होता.

८ मार्च

वीस तास चालल्यावर पुन्हा मोजलं : एक ट्यूब २२, दुसरी २३.५. चालेल. आता नवं सर्किट काढून, बदल लाल शाईने दाखवून, कॅबिनेटच्या आत ट्यूब चार्टशेजारी चिकटवलं आहे. त्यात ट्रिमपॉट, २.२ मेग आणि स्क्रीन रेझिस्टर तारखेसह. फ्यूजच्या टोपीजवळ रेटिंगची पट्टी. राहिलंय एकच : फायबरबोर्डवर पहिल्या ट्यूबपाशी, काहीही जोडलेलं नसलेल्या जागी ४ व्होल्ट डीसी दिसतात, ओल धरली असावी. सध्या करकर नाही. आवाज आला तर त्या प्लेट रेझिस्टरचे जोड बोर्डवरून उचलून टॅग स्ट्रिपवर न्यायचे.